पांढुर्णा-सौंसरहून हिमशिखराकडे : पैसे भरण्याआधी हे वाचा

नागपंचमीला नागद्वारी करणारी आणि महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणारी माणसे पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांत गावोगाव आहेत. त्यामुळे इथल्या तरुणांना चालण्याचे भय नाही. त्यांना अडवतात ते दुसरे प्रश्न. सहा हजार मीटरचे शिखर आपल्याला जमेल का? आधी कोर्स करावाच लागतो का? ‘ट्रेकिंग पीक’ म्हणजे नुसते चालत जायचे शिखर का? आठ दिवसांत शिखर करून देणारी संस्था चांगली, की बारा दिवस मागणारी? हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणून एकेक करून उत्तरे देत आहे.

आपल्या भागाला हे अशक्य नाही. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या तामियाच्या भावना डेहरिया २२ मे २०१९ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचल्या. त्याआधी मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत शिकणाऱ्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी ‘मिशन शौर्य’मधून तेच शिखर गाठले होते. चंद्रपूरचा उन्हाळा आपल्यापेक्षाही कडक. तरीही ही मुले वर गेली, कारण त्यांना कित्येक महिने टप्प्याटप्प्याने तयार केले होते. घाईघाईने कुणीही त्यांना डोंगरावर नेले नव्हते. हे ‘मिशन शौर्य’ महाराष्ट्र शासनाच्या आदिवासी विकास विभागाचे होते. आपण मध्यप्रदेशात असल्याने त्यावर विसंबून राहू नका.

‘ट्रेकिंग पीक’ म्हणजे काय समजायचे?

नेपाळात हा परवान्याचा एक प्रकार आहे. मोठ्या मोहिमेपेक्षा कमी कागदपत्रांत ज्या शिखरांचा परवाना मिळतो, ती ट्रेकिंग पीक. शिखर सोपे आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. आयलँड पीक याच यादीत आहे आणि त्याच्या माथ्याखालच्या उभ्या बर्फाच्या भिंतीवर दोराला जुमार (दोरावर पकड घेणारी खटकी) लावून चढावे लागते.  भारतात शिखर चढायचे म्हणजे दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची (आयएमएफ) परवानगी पाहायची, आणि जागेप्रमाणे वनखात्याची किंवा स्थानिक प्रशासनाचीही. संस्थेला सरळ विचारा, ‘परवानगी कोणाच्या नावाने निघणार आणि तिची प्रत मला कधी मिळणार?’ या प्रश्नावर जी संस्था टाळाटाळ करते, तिला पैसे देऊ नका.

कोणते शिखर?

नवख्या माणसापुढे साधारण हे पर्याय येतात.

- फ्रेंडशिप पीक (५,२८९ मीटर), मनालीजवळ. बर्फावर क्रॅम्पन (बुटाखाली बसवायचे काटे) लावून चालायला शिकायचे असेल तर पहिले शिखर म्हणून हेच घ्या. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर असल्याने शरीराला हळूहळू चढायला वाव मिळतो.
- युनाम (६,१११ मीटर), मनाली-लेह रस्त्यालगत. चढ अवघड नाही. पण गाडी तुम्हाला थेट साडेचार हजार मीटरच्या वर नेऊन सोडते. ‘सर्वात सोपे सहा हजारी शिखर’ अशी जाहिरात होते ती याचीच, आणि माणसे आजारी पडतात तीही इथेच. हे शिखर पहिले म्हणून निवडू नका.
- कांग यात्से-२ (६,२५० मीटर), लडाख. मारखा खोऱ्यातून चालत गेलात तर शरीराला सवय होते. पहिल्या हिमशिखराचा अनुभव गाठीशी असेल तर हा पर्याय चांगला.
- मेरा पीक (६,४७६ मीटर), नेपाळ. हिमनदीवर लांबलचक चाल, तांत्रिक अडचण कमी, पण दिवस बरेच लागतात.

स्टोक कांग्रीचे नाव जुन्या लेखांत अजून भेटते. हिमनदी आटत चालली होती आणि स्टोक गावाच्या पाण्यावर ताण येत होता, म्हणून ते २०२० पासून गिर्यारोहणासाठी बंद करण्यात आले. कुणी त्याचे बुकिंग घेत असेल तर आधी आयएमएफकडे खात्री करून घ्या.

उंची पाहण्याआधी रात्री मोजा

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. पांढुर्णा-सौंसर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्याही आत आहे. अख्ख्या सातपुड्यात सर्वात उंच असलेला पचमढीचा धूपगड साडेतेराशे मीटरच्या आसपास, म्हणजे मनालीपेक्षाही खाली. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच मिळतो. याचा सराव सातपुड्यात कितीही चाललात तरी होत नाही. तो वरच होतो, आणि त्याला रात्री लागतात. रोज दहा किलोमीटर धावणारा पोरगा आजारी पडतो आणि पन्नाशीचे शिक्षक धीम्या पावलांनी माथ्यावर पोहोचतात, असे वर घडते ते यामुळेच. दमदार माणसाला उंचीचा आजार होत नाही, या समजावर विसंबू नका.

डॉक्टर आणि गिर्यारोहक मानतात तो नियम साधा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढायची. दिवसा कितीही वर जाऊन या, रात्री खाली येऊन झोपा.

आता संस्थेचा कार्यक्रम समोर घ्या. वहीत प्रत्येक रात्रीपुढे मुक्कामाची उंची लिहा. संस्थेने ती दिली नसेल तर मागून घ्या. समजा, विमानाने लेहला उतरलात, म्हणजे एकदम ३,५०० मीटरवर आलात. पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती हवी, बाजारात भटकणेही कमीच. पुढचे मुक्काम चार हजार, साडेचार हजार, मध्ये एक जास्तीची रात्र, मग पाच हजारांचा बेस कॅम्प. म्हणजे शिखराच्या दिवसाआधी उंचीवर निदान सहा-सात रात्री झाल्या पाहिजेत, आणि हवामान बिघडले तर हाताशी एक-दोन राखीव दिवस हवेत. एवढ्या रात्री बसत नसतील तो कार्यक्रम सोडून द्या, मग तो कितीही स्वस्त असो. मनाली-लेह रस्त्याने जाणाऱ्यांनी सरचूचा मुक्काम पाहून घ्यावा. मनालीहून एका दिवसात तिथे पोहोचणे म्हणजे सव्वाचार हजार मीटरवर झोपणे. वाटेत केलाँग किंवा जिस्पाला एक-दोन रात्री काढलेल्या बऱ्या.

रजेचे दिवस कमी पडतात म्हणून मधला विश्रांतीचा दिवस गाळायचा, हा आपल्याकडे सर्रास होणारा हट्ट आहे. रजा कमी असेल तर शिखर लहान घ्या.

सिकलसेलची तपासणी आधी

हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शनात सहसा सापडत नाही, आपल्याला मात्र तो टाळता येणार नाही. पूर्व विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या आपल्या पट्ट्यात सिकलसेलचे वाहक खूप आहेत. गोंड समाजात आहेत, तसेच इतर अनेक समाजांतही आहेत. ज्यांचा पॅटर्न ‘एएस’ आहे, ते वाहक एरवी ठणठणीत असतात. बहुतेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. पण उंचीवर प्राणवायू कमी पडला, त्यात शरीरातले पाणी घटले आणि श्रम झाले, की वाहकाच्याही रक्तातल्या पेशी आकार बदलून अडकू शकतात. प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र कळ येते, उलट्या होतात. सोबतच्या मंडळींना ते गॅसचे दुखणे वाटते आणि मोलाचा वेळ जातो.

म्हणून :

- जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातल्या शहडोलहून सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्यांची तपासणी होते. तिला पैसे पडत नाहीत.
- पहिल्या चाचणीत शंका आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने पॅटर्न पक्का करून घ्या.
- पॅटर्न ‘एसएस’ असेल, म्हणजे प्रत्यक्ष आजारच असेल, तर उंच शिखराचा विचार सोडून द्या.
- ‘एएस’ असेल तर सरसकट मनाई नाही. रक्तविकाराच्या डॉक्टरांशी बोला, आधी कमी उंचीचा ट्रेक करून पाहा, पाणी भरपूर प्या. तुमचा पॅटर्न गाइडला लेखी कळवा. डाव्या बरगडीखाली दुखले तर वाट न पाहता खाली उतरा.

वाहक असणे लपवून कुणी जाऊ नये. त्यात लाजण्यासारखे काहीही नाही.

बाकीच्या तपासण्या नेहमीच्याच : हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर, आणि चाळिशीच्या पुढे ईसीजी व स्ट्रेस टेस्ट. बायकामुलींनी हिमोग्लोबिन दोन-तीन महिने आधी पाहावे, म्हणजे कमी असेल तर भरून काढायला वेळ मिळतो. संस्था वैद्यकीय प्रमाणपत्र मागते. ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता सही घेणे म्हणजे स्वतःलाच फसवणे. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे ‘डायमॉक्स’ची गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगा. ही गोळी घेऊनही चढण्याचा वेग वरच्या नियमापेक्षा वाढवता येत नाही.

कोर्स करावा का?

फ्रेंडशिप पीक चांगल्या गाइडसोबत कोर्स न करताही होते. पण पुढेही डोंगरात राहायचे असेल, तर बेसिक माउंटेनिअरिंग कोर्ससारखा सौदा नाही. साधारण महिनाभराचा असतो. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (१९५४), उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट (१९६५), मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, पहलगामची जवाहर संस्था आणि अरुणाचलातल्या दिरांगची निमास या सरकारी संस्था तो घेतात. जागा लवकर भरतात, त्यामुळे वर्षभर आधी अर्ज करा आणि वयाची अट त्या-त्या संस्थेच्या माहितीपत्रकात पाहा. ‘ए’ ग्रेड मिळाली तर ॲडव्हान्स कोर्सचा रस्ता खुला होतो. कॉलेजात एनसीसी असेल तर अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. कॅडेट्सना या कोर्सच्या जागा एनसीसीतर्फे मिळतात.

सरकारी संस्था म्हणजे धोका शून्य, असेही धरू नका. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक हिमप्रपातात सापडले. २७ मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. डोंगरात जाण्याचा निर्णय घरच्यांना हे सांगून, त्यांच्या संमतीने घ्या.

तयारी : आपल्याच घाटात

चार ते सहा महिने द्या. आठवड्यातून चार दिवस तासभर भरभर चालणे किंवा हळू धावणे, एक दिवस पाठीवर वजन घेऊन चढ. सिल्लेवानी घाट, पातालकोटच्या पायऱ्या आणि चौरागड यासाठी उत्तम. सॅक पाच किलोपासून सुरू करून बारा किलोपर्यंत न्या. उतरण्याचा सरावही तेवढाच करा. गुडघे उतारावर जातात आणि शिखराच्या दिवशी दहा-बारा तास पायांवर राहायचे असते. एप्रिल-मेमध्ये पहाटेच बाहेर पडा, उन्हाच्या तडाख्यात सराव करून काही मिळत नाही.

खर्रा आणि बिडी तयारी सुरू होते त्या दिवशी बंद करा. हे आवर्जून सांगतो, कारण आपल्याकडे चांगले चालणारेही खिशात खर्रा घेऊन निघतात. वर गेल्यावर तोंड कोरडे पडते, भूक मरते आणि खोकला धरतो. त्यात तंबाखू म्हणजे दुहेरी नुकसान.

हंगाम शेतीशी जुळवता येतो. हिमाचलची शिखरे मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत आणि पुन्हा सप्टेंबरात होतात. लडाख पर्जन्यछायेत असल्याने तिथला हंगाम जुलै ते सप्टेंबर, म्हणजे पेरणी आणि पहिले निंदण उरकून पोळ्याच्या आधी-नंतर जाता येते. नेपाळचे हंगाम एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. आंबिया बहाराची संत्री तोडणीला आलेली असतील त्यांना दुसरा हंगाम अडचणीचा पडेल.

सामान आणि कागद

विकत घ्या ते बूट, आतले गरम कपडे, हातमोजे आणि कडक उन्हाचा गडद चष्मा. बर्फावर चष्म्याविना काही तासांतच डोळे भाजतात. हिमबूट, क्रॅम्पन, आइस ॲक्स, हार्नेस आणि हेल्मेट भाड्याने मिळतात. हिमबूट जाड मोजे घालून खालीच चालून पाहा आणि क्रॅम्पन त्याच बुटाला बसवून घ्या. नाहीतर बेस कॅम्पवर कळते की ते बसतच नाहीत, आणि तिथे बदलून मिळत नाहीत. खायला घरचे न्या, शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, संत्राबर्फी. भूक नसतानाही ओळखीची चव घशाखाली उतरते.

- लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतले प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागते.
- सॅटेलाइट फोन किंवा तसे उपकरण परवान्याशिवाय बाळगणे भारतात गुन्हा आहे. ऑनलाइन मागवू नका.
- नेपाळला विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा. फक्त आधार कार्डावर विसंबू नका.
- विम्याच्या पॉलिसीत गिर्यारोहण समाविष्ट आहे का, किती मीटरपर्यंत, आणि हेलिकॉप्टरचा खर्च त्यात येतो का, हे तिन्ही लेखी घ्या. घरची मेडिक्लेम यासाठी पुरेल असे गृहीत धरू नका.

वर गेल्यावर : केव्हा थांबायचे, केव्हा उतरायचे

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे, चक्कर ही पहिली लक्षणे. ती असतील तर त्याच उंचीवर थांबा. बरे वाटेपर्यंत वर जायचे नाही. पुढची लक्षणे मात्र थांबण्याची नाहीत, उतरण्याची आहेत :

- बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस किंवा गुलाबी थुंकी येणे. फुप्फुसांत पाणी भरत असल्याची ही खूण आहे.
- झोक जाणे, असंबद्ध बोलणे, सतत गुंगी. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. जमले नाही तर मेंदूला सूज येऊ लागली असे समजा.

अशा वेळी रात्र असली तरी आजाऱ्याला खाली न्यायचे, एकट्याला नव्हे, सोबत देऊन. ऑक्सिमीटरचा आकडा चांगला आहे म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर अजिबात नकोत. शिखराच्या रात्री निघण्याआधीच गाइडसोबत परतीची वेळ ठरवा. त्या वेळेला माथा शंभर मीटरवर असला तरी मागे फिरायचे. दुपारनंतर बर्फ भुसभुशीत होतो, ढग येतात, आणि बरेच अपघात उतरतानाच होतात.

तुमचे हक्क, आणि तुमच्या पोर्टरचेही

पैसे देण्याआधी संस्थेकडून लेखी घ्या : रोजची मुक्कामाची उंची, किती जणांमागे एक गाइड, गाइडचे प्रशिक्षण, सोबत ऑक्सिजन सिलिंडर आहे का, राखीव दिवसाचे पैसे वेगळे लागतात का, रद्द केल्यास परतावा किती. हिमाचलातली संस्था असेल तर पर्यटन विभागाची नोंदणी मागा. पैसे संस्थेच्या खात्यातच भरा आणि पावती ठेवा. वाटेत बरे वाटेनासे झाले तर खाली उतरण्याचा हक्क तुमचा आहे आणि सोबत माणूस देणे संस्थेचे काम आहे. उलट, गाइडने सुरक्षिततेसाठी ‘परत फिरा’ म्हटले तर वाद घालू नका. शिखर न झाल्याचे पैसे त्यासाठी परत मागता येत नाहीत आणि मागूही नयेत.

तुमचे ओझे वाहणाऱ्या पोर्टरला पुरेसे कपडे, बूट, तंबू आणि विमा आहे का, हेही विचारा. फार स्वस्त पॅकेजमध्ये पहिली काटछाट इथेच होते.

कबूल केलेली सेवा मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या बाजूने आहे. संस्था मनालीची असो की काठगोदामची, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यासाठीच्या ग्राहक आयोगात करता येते. त्यासाठी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून पाहा, अनेक प्रकरणे तिथेच मिटतात. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. तोवर कार्यक्रमपत्रिका, पावत्या आणि संस्थेचे सगळे संदेश जपून ठेवा.